पाटी काढायचा अधिकार

सोकोरोने त्या शनिवारी तोंड उघडायचं नाही असं ठरवलं होतं, आणि घरात कोणाचाच त्यावर विश्वास बसत नव्हता. तिचा नवरा आबुंदिओ तर अंगणात लाकडं फोडता फोडता म्हणाला, "दहा वाजेपर्यंत टिकलीस तरी मी तुला फुलं आणून देतो." सोकोरोने त्याच्याकडे नुसतं पाहिलं. स्ट्रॉबेरीच्या शेतावर एकोणीस वर्षं मुकादमकी केलेली बाई ती. तिच्या नुसत्या पाहण्याने चाळीस माणसं सरळ व्हायची. आबुंदिओ काही सरळ झाला नाही, पण पुढे बोललाही नाही.

तोंड बंद ठेवायला कारण तसंच होतं. धाकट्या बहिणीची, आम्पारोची, मुलगी मारिसेला सप्टेंबरात वैद्यकीय सहायकाच्या परीक्षेला बसली होती. दवाखान्यात डॉक्टरांच्या हाताखालचं काम. बीपी घ्यायचं, रक्त काढायचं, सुई टोचायची, सगळ्याची नोंद ठेवायची. वर्षभराचा अभ्यास पोरीने पहाटे बेकरीत पाव भाजून आणि दुपारी वर्गात बसून पुरा केला होता. मग काय, सोकोरोला दम कुठला निघायला. परीक्षेच्या आधीच्या रविवारी चर्चच्या पायऱ्यांवर उभी राहून तिने अर्ध्या वॉटसनव्हिल गावाला सांगून टाकलं, की आमच्या घरात आता दवाखान्याचा कोट आला. केकही करायला टाकला. वर निळ्या साखरेत 'अभिनंदन मारिसेला'.

आणि पोरगी नऊ गुणांनी नापास झाली. सोकोरोने स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं, सुरीने ती निळी अक्षरं खरवडून काढली आणि मग तो केक सगळ्यांनी मुकाट्याने खाल्ला. त्यानंतरचे तीन रविवार चर्चमधल्या बायका मारिसेलाचा हात हातात घेऊन कौतुक करत होत्या आणि ती बिचारी 'अजून नाही झालं हो' असं एकेकीला सांगत होती. सोकोरो बाजूला उभी राहून हे ऐकायची. आयुष्यात तिला इतकी लाज कधी वाटली नव्हती.

आज दुसरी खेप होती. साडेबाराला, सॅलिनासच्या केंद्रावर, आणि निकालाचा कागद तिथेच लगेच हातात मिळायचा. ज्या दवाखान्यात मारिसेला तीन महिने हाताखाली शिकत होती, त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं की वर्ष संपायच्या आत प्रमाणपत्र आणलंस तर जागा तुझी, नाहीतर यादीतल्या पुढच्या मुलीची. परीक्षेची पुढची तारीख थेट जानेवारीत होती. म्हणजे आज झालं तर झालं.

आणि नेमका आजच तमाल्यांचा शनिवार. दर डिसेंबरात सगळं घर सोकोरोच्या स्वयंपाकघरात जमायचं. कणसाच्या भिजवलेल्या पानावर मक्याचं पीठ थापायचं, मध्ये लाल मिरचीत शिजवलेलं मटण ठेवायचं, पान दुमडायचं आणि मोठ्या पातेल्यात उभं रचून वाफवायचं. टेबलाच्या टोकाला सोकोरोची आई दोमितिला बसली होती. ऐंशी वर्षांची, पण पीठ नीट मळलं गेलं की नाही ते अजून तीच ठरवायची. पाण्याच्या पेल्यात पिठाची गोळी टाकायची. तरंगली तर पुढे जा, बुडाली तर मळत बसा. आज दोनदा बुडाली होती.

सोकोरोच्या डाव्या हाताला आम्पारो. बोलणं कमी, काळजी जास्त. उजव्या हाताला भावाची बायको इर्मा, जिचं याच्या अगदी उलट. एरवी सोकोरोचं आणि इर्माचं चांगलं जमायचं. दोघी मिळून आम्पारोच्या हळवेपणाची टर उडवायच्या. आणि समोर मारिसेला. तू आज घरी बसून अभ्यास कर असं सगळ्यांनी सांगितलं होतं. पण ती म्हणाली, पुस्तक पाहिलं की येतं तेही विसरते, हात कामात असले तर बरं. अकराला निघते.

साडेनऊच्या सुमाराला इर्माला राहवलं नाही. नापास कशात झालीस ते तरी सांग, म्हणाली. आमच्या लेकीला, ब्रेंडाला तर कसली परीक्षाच द्यावी लागली नाही, सरळ पॅकिंगच्या ऑफिसात खुर्ची मिळाली. सोकोरोने पान इतक्या जोरात थापलं की पीठ कडेने बाहेर आलं, पण तिने तोंड उघडलं नाही.

मारिसेला शांतपणे म्हणाली, "रक्तात नाही, मामी. सुईतही नाही. शरीराच्या भागात तर शंभरात ब्याण्णव होते. माझे गेले ते रुग्णाशी बोलण्यात."

इर्मा खो खो हसली. अगदी आम्पारोलाही हसू आलं. कारण या घरात डॉक्टरांशी बोललं होतं ते फक्त मारिसेलानेच. आठ वर्षांची असल्यापासून. आजीचं बीपी, सोकोरोची शुगर, आबुंदिओचा गुडघा, सगळ्यांच्या मागे तीच. डॉक्टरांचं इंग्रजी इकडे आणायचं, घरचं स्पॅनिश तिकडे न्यायचं.

"प्रश्न कसा असतो सांगू?" मारिसेला म्हणाली. "म्हातारी बाई फोन करते. डोकं जड झालंय, गोळी अजून एक घेऊ का, म्हणते. खाली चार उत्तरं. तू कुठलं निवडशील?"

"घ्या म्हणायचं, नाहीतर नको म्हणायचं. त्यात काय एवढं?" इर्मा म्हणाली.

"मी तेच केलं. दर वेळी. आणि बरोबर उत्तर असतं, की हे मी सांगू शकत नाही, मी तुमचं म्हणणं लिहून घेते आणि डॉक्टरांना कळवते. मला त्या उत्तराचा राग यायचा, मामी. वाटायचं, ती बिचारी विचारतेय आणि ही हात झटकतेय."

सोकोरोचा हात थांबला. दवाखान्यातला तो उंच स्टूल तिच्या डोळ्यांसमोर आला. त्यावर पाय लोंबकळत बसलेली दोन वेण्यांची पोर, एका बाजूला डॉक्टर, एका बाजूला आपण. शाळेतून तिला काढून नेताना बाईंना खोटं कोण सांगायचं? सोकोरोच. आणि घरी आल्यावर रोज संध्याकाळी कोण विचारायचं, की मारिसेला, ही पांढरी घेऊ का ती पिवळी? तेही आपणच. पोर सांगायची आणि आपण गिळायचो. परीक्षेत चुकली ती काही पुस्तकामुळे नाही चुकली. तिला चूक शिकवली या घराने, आणि नऊ गुण घालवले तेही या घरानेच. 

तेवढ्यात दोमितिलाआजी भिजलेली पानं आणायला म्हणून उठली आणि सिंकच्या कडेला हात टेकून तिथेच थांबली. आम्पारोने धावत जाऊन तिला धरलं. डोकं गरगरतंय, म्हणाली. खुर्चीवर बसवली तर चेहरा लाल.

मग जो गोंधळ उडाला तो विचारू नका. इर्माने पर्समधून मनगटाला लावायचं बीपीचं यंत्र काढलं आणि आजीला लावलं. वरचा आकडा एकशे ब्याऐंशी आला.  इर्मा पर्समध्ये परत हात घालून स्वतःच्या गोळ्यांची डबी शोधायला लागली. बीपीचीच आहे, मीही हीच घेते, एक दिली की दहा मिनिटांत उतरेल, असं बोलत बोलत तिने गोळी हातावर काढलीसुद्धा.

"मारिसेला, सांग ना पटकन," आम्पारो म्हणाली. "देऊ का?"

सगळ्यांचे डोळे पोरीकडे वळले. पंधरा वर्षं असेच वळत आले होते. मारिसेला उठली, तिने नळाखाली हात धुतले आणि पुसले. तिच्या ओठांचा रंग उडाला होता.

"मी नाही सांगणार," ती म्हणाली. "मला तो अधिकार नाही. मी नीट बीपी घेते आणि दवाखान्याच्या नर्सला फोन लावते."

इर्माने डबी टेबलावर आपटली. "ऐकलं का? चार पुस्तकं वाचली तर स्वतःच्या आजीला गोळी द्यायची की नाही हे सांगवेना. नापास होऊन एवढा तोरा, पास झालीस तर काय आमची ओळख तरी ठेवशील का?"

आणि आम्पारो, जिने उभ्या आयुष्यात मुलीला एक शब्द लागेल असा बोलला नव्हता, तीही रडवेली होऊन म्हणाली, "अगं, ती काय परीक्षेतली बाई आहे का? ती तुझी आजी आहे."

मारिसेलाने आईकडे पाहिलं. सोकोरोला दिसलं, की आता ही पोर हरणार. आता ही सांगणार, द्या किंवा नका देऊ, आणि सांगितलं की तिच्या हातून सगळंच गेलं. घड्याळात दहाला दहा मिनिटं कमी होती. फुलं गेली तर गेली, सोकोरोने मनात म्हटलं.

"इर्मा, ती गोळी खाली ठेव," ती म्हणाली.

"अहो ताई, पण…"

"खाली ठेव. आता मी बोलते." सोकोरोने पिठाचे हात एकमेकांवर झाडले. "शेतात फवारणी झाली की कोणी आत जाऊ नये म्हणून वाफ्याच्या तोंडाला कवटीची पाटी लागते. तू पण तीन हंगाम काढलेस माझ्याकडे, तुला माहीत आहे. ऊन वर आलेलं, पानं कोरडी, माणसं गाडीतून उतरलेली, काम खोळंबलेलं. मला डोळ्यांनी दिसतंय की सगळं वाळलंय. मी पाटी काढली का कधी? सांग."

इर्माने नकारार्थी मान हलवली.

"एकोणीस वर्षांत एकदा तरी काढली? बायका मला शिव्या द्यायच्या. तूही दिल्यास. ज्याने पाटी लावली तोच येऊन काढणार, दुसऱ्याने हात लावायचा नाही, मग तो मुकादम असो नाहीतर मालकाची बायको. म्हणूनच माझ्या टोळीतलं एक माणूस कधी उलट्या करत घरी गेलं नाही. ही पोर तेच सांगतेय. हिला पाटी दिसतेय आणि तुम्ही हिला ती उपटायला सांगताय. मारिसेला, तू तुझं काम कर."

 मारिसेलाने आपल्या पिशवीतून दंडाला बांधायचा पट्टा काढला. आजीचे दोन्ही पाय जमिनीवर टेकवले, पाठ खुर्चीला, हात टेबलावर उशी ठेवून त्यावर. पाच मिनिटं कोणी बोलायचं नाही, आजी, तूही नाही, म्हणाली. त्या स्वयंपाकघरात पाच मिनिटं शांतता ही गोष्ट कित्येक वर्षांत झाली नव्हती. पातेल्याच्या तळाशी टाकलेलं नाणं तेवढं खुळखुळत होतं. पाणी आहे तोवर ते वाजतं, आटलं की गप्प होतं, म्हणून टाकायचं असतं. मग तिने पट्टा फुगवला, कानाला नळी लावून ऐकलं आणि आकडा वेळेसकट लिहून ठेवला. एकशे अडुसष्ट.

दवाखान्यातल्या नर्सला तिने फोनवर जे सांगितलं त्यात एक शब्द जास्त नव्हता. वय, आकडे, वेळ. छातीत दुखत नाही, बोलणं स्पष्ट, दोन्ही हात वर उचलता येतात, चेहरा वाकडा झालेला नाही. मग नर्सने काहीतरी विचारलं आणि मारिसेला आजीपुढे खाली बसली.

"आजी, आज सकाळपासून पोटात काय काय गेलं? सगळं सांग. कोणी रागावणार नाही."

दोमितिलाआजीने आधी पदराशी चाळा करावा तसा ॲप्रनच्या दोरीशी चाळा केला. मग हळूहळू एकेक बाहेर आलं. सहाला रोजची गोळी. आठला डोकं जड वाटलं म्हणून अजून अर्धी. आणि चार दिवस सर्दी आहे म्हणून बाजारातल्या बाईकडून आणलेल्या लाल गोळ्या, दिवसाला तीन.

"अर्धी जास्तीची तुला कोणी सांगितली?"

"तूच," आजी म्हणाली. "तू सातवीत होतीस. डॉक्टरांकडून बाहेर आलो आणि तू म्हणालीस, डोकं जड झालं तर अर्धी जास्त घ्यायची. तेव्हापासून मी घेते."

 फोन तिच्या हातात होता. मग तिने आधी फोनवर सगळं जसंच्या तसं सांगितलं, गोळ्यांची नावं डबीवरून वाचून, आणि तिकडून उत्तर येईपर्यंत फोन छातीशी धरून ती म्हणाली, "डॉक्टर त्या दिवशी खूप वेळ बोलले. मधलं मला काही कळलं नव्हतं. मी बारा वर्षांची होते आणि तुम्ही सगळ्या माझ्या तोंडाकडे बघत होतात. कळलं नाही असं सांगायची मला लाज वाटली. म्हणून मी काहीतरी सांगितलं."

आम्पारोने तोंडाला हात लावला. इर्माच्या हातात अजून ती गोळी होती. तिने मूठ मिटली आणि हात टेबलाखाली नेला.  सोकोरो रागावणार तरी कोणावर? त्या दिवशी त्या खोलीत मोठी माणसं तीन होती, आणि त्यांतली एक आपण होतो.

नर्सचं सांगणं आलं. आता एकही गोळी नाही, सर्दीची तर अजिबात नाही. एकटीला चालू द्यायचं नाही. सगळ्या डब्या पिशवीत घालून आत्ता दवाखान्यात आणा, डॉक्टर पाहतील. वाटेत बोलणं अडखळलं किंवा छातीत दुखलं तर तडक रुग्णवाहिका.

मारिसेलाने गाडीची किल्ली उचलली. कोणालाच त्यात वेगळं काही वाटलं नाही, आम्पारोने तर आईचा कोटही आणला. साडेदहा होत आले होते. सोकोरोने पुढे होऊन पोरीच्या हातातून किल्ली काढून घेतली.

"तू सॅलिनासला जा."

"मावशी, आजीला कोण…"

"मी."

"हिच्याशिवाय मी नाही जाणार," दोमितिलाआजी खुर्चीतून म्हणाली. "डॉक्टरांना कोण सांगणार माझं? तुला येतं काय बोलता?"

आम्पारोही म्हणाली, की परीक्षा जानेवारीत देता येईल, जागा दुसरी मिळेल, आई परत मिळणार नाही. आणि खरं सांगायचं तर सोकोरोलाही भीती वाटत होती. शेताच्या मालकाला भर उन्हात उभं करून भांडलेली बाई, पण डॉक्टरांच्या खोलीत मारिसेलाशिवाय ती कधी गेली नव्हती. तिथे गेली की तिची जीभ टाळूला चिकटायची.

"आई, मी दुभाषा मागीन," ती म्हणाली. "मागितला की त्यांना द्यावा लागतो. इतकी वर्षं मी मागितला नाही, कारण घरात फुकटची पोर होती. आता नाही वापरायची ती पोर. हिला आज दुसरीकडे काम आहे."

 मारिसेलाने कागद ओढला आणि भराभर लिहून काढलं. आकडे, वेळा, गोळ्या. कागद सोकोरोच्या हातात देताना म्हणाली, "मावशी, एक ऐक. तुला वाटतं ते सांगू नकोस. पाहिलंस तेवढंच सांग."

दुसऱ्या कोणी हे सुनावलं असतं तर सोकोरोने त्याच्या सात पिढ्या उद्धरल्या असत्या. पण तिने मान डोलावली. "पाहिलं तेवढंच," म्हणाली.

दवाखान्यात तिने खिडकीपाशी आधी दुभाषा मागितला. मागताना आवाज जरा जास्तच मोठा निघाला, पण काम झालं. भिंतीवरच्या पडद्यावर कुठल्या लांबच्या गावातली एक बाई आली आणि डॉक्टरांचं बोलणं स्पॅनिशमध्ये सांगू लागली. सोकोरो कागद दोन्ही हातांत धरून, शाळेत उभं राहून वाचावं तसं वाचत गेली. डॉक्टरांनी विचारलं, तुमच्या मते आई मीठ फार खातात का? सोकोरोच्या जिभेवर मीठ, चरबी, हट्ट, सगळं आलं होतं. तिने ते गिळलं.

"माझं मत नाही सांगत," ती म्हणाली. "आज सकाळी अंड्यावर दोनदा मीठ घातलं, ते पाहिलं."

दोमितिलाआजीने लेकीकडे असं पाहिलं, की दुभाष्या बाईलाही हसू आलं.

सर्दीच्या त्या लाल गोळ्यांनी बीपी चढवलं होतं, आणि वरून आजीने स्वतःच्या मनाने दीड गोळी घेतलेली. त्यावर आणखी एक पोटात गेली असती तर बीपी एकदम उतरून बाई कुठे पडल्या असत्या सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. लाल गोळ्या कचऱ्यात गेल्या. अर्धी जास्तीची बंद, कायमची. एक वाजता आकडा एकशे अठ्ठेचाळीस झाला आणि घरी जायला परवानगी मिळाली. निघताना डॉक्टरांनी फोनची नोंद परत वाचली आणि पडद्यावरच्या बाईकरवी विचारलं, की सकाळी फोन कोणी केला होता? इतकी चोख माहिती त्यांना रोज मिळत नाही.

 माझी भाची, असं सोकोरोला छतापर्यंत ओरडून सांगावंसं वाटलं. केक डोळ्यांसमोर आला. "घरातल्या एका मुलीने," एवढंच म्हणून तिने आईचा कोट उचलला.

घरी आल्या तेव्हा पातेलं चुलीवर होतं आणि त्याच्या दोन्ही कानांना कणसाच्या पानाच्या पट्ट्या गाठी मारून बांधलेल्या होत्या. स्वयंपाकघरात भांडण झालं की तमाले शिजत नाहीत, कच्चे राहतात, त्यावरचा हा इलाज. सोकोरोने कोणी बांधल्या म्हणून विचारलं. आम्पारोने नुसती मान इर्माकडे वळवली. इर्मा खाली बघून भांडी घासत होती. सासूला बघून तिने हात पुसले, जवळ आली आणि पर्समधली ती गोळ्यांची डबी सोकोरोच्या हातात देत म्हणाली, "पुढच्या आठवड्यात मलाही न्या तुमच्या दुभाष्याकडे, ताई. ही मी माझ्या मनानेच घेते."

मग वाट पाहणं. तीन वाजले, साडेतीन वाजले. एका पातेल्यातले तमाले उतरले, दुसरं चढलं. आम्पारो खिडकीपाशी जायची, परत यायची. परीक्षेचं कोणी नाव काढत नव्हतं. आबुंदिओ आत डोकावून म्हणाला, की आज तुझी तब्येत बरी आहे ना, इतकी गप्प कशी? सोकोरोने त्याला एक गरम तमाला देऊन बाहेर पिटाळलं.

सव्वाचारला गाडी आली. मारिसेला आत आली, कोट खुंटीला लावला, आजीपाशी जाऊन तिचा कागद वाचला, मनगट हातात धरून ठोके मोजले आणि मग हात धुऊन आपल्या जागेवर बसली. पान उचललं, पीठ थापायला लागली. चेहऱ्यावरून काही कळेल तर शपथ.

शेवटी इर्मालाच धीर धरवला नाही. "ती बाई आली का?" तिने विचारलं. "फोन करणारी?"

"चार वेळा आली, मामी." मारिसेलाने पानावरून नजर काढली नाही. "दर वेळी मला आजीच दिसली. दर वेळी मी म्हटलं, मला सांगता येत नाही, मी डॉक्टरांना कळवते."

दोमितिलाआजीला काही हे बोलणं कळलं नव्हतं, तिचं लक्ष ताटलीकडे होतं. "पोरी," ती म्हणाली, "मी एक तमाला खाऊ का? बीपी उतरलंय आता."

"ते डॉक्टरांनी काय लिहिलंय ते बघू, आजी."

असं म्हणून तिने ॲप्रनला हात पुसले, खिशातून चार घड्या घातलेला कागद काढला आणि टेबलावरून पलीकडे सरकवला. आईकडे नाही, सोकोरोकडे. "मावशी, हे तू बघ," म्हणाली. "आणि आता सांग. ज्याला सांगायचं त्याला."

सोकोरोने कागद उलगडला. इंग्रजी तिला फारसं वाचता येत नव्हतं, पण तो एक शब्द तिला सप्टेंबरपासून पाठ होता, कारण सप्टेंबरच्या कागदावर तो नव्हता. तिने तो दोनदा वाचला. आम्पारो तिच्या खांद्यावरून वाकली आणि मुलीच्या गळ्यात पडून हमसून हमसून रडायला लागली, इर्मा दोघींच्या पाठीवरून पिठाचे हात फिरवायला लागली. सोकोरो उठली आणि कागद घेऊन अंगणाच्या दारात गेली.

बाहेर शेकोटीभोवती आबुंदिओ, भाऊ आणि शेजारचे तिघे बसले होते. सगळे तिच्याकडे बघायला लागले. ही बाई आता अर्धा तास बोलणार, हे त्यांना ठाऊक होतं.  सोकोरोने डोळे पुसले, खाकरली.

"मी एवढंच सांगते," ती म्हणाली. "कागद माझ्या डोळ्यांनी पाहिला. त्यावर उत्तीर्ण लिहिलंय."

शेकोटीपाशी एकच आरडाओरडा झाला. आबुंदिओने टोपी उडवली. त्या गलक्यातून भाऊ ओरडून विचारत होता, की किती गुण मिळाले, जागा पक्की ना, कोट कधी मिळणार?

सोकोरोने कागद नीट चार घड्या करून छातीशी धरला. "ते तिला विचारा," म्हणाली. "मला सांगायचा अधिकार नाही."